नाशिकमधल्या मोफत दवाखान्यासाठी धावून पैसे उभे करायचे आहेत. स्वतःची मॅरेथॉन भरवावी का? किती जमतील?

तुमचा आठ-दहा जणांचा ग्रुप गंगापूर रोडला पहाटे धावतो, घराजवळच्या एका मोफत दवाखान्याला मदत करायची आहे आणि त्यासाठी छोटी मॅरेथॉन भरवायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. आधी थेट उत्तर देतो. स्वतःची मॅरेथॉन भरवू नका, निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी नकोच. दुसऱ्यांनी भरवलेल्या स्पर्धेत धावा, आणि तुमच्या ओळखीच्या माणसांकडून दर महिन्याला थोडे थोडे पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातील अशी सोय लावा. आम्हाला हे कळायला दोन वर्षं गेली, ती तुमची जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आम्ही चौदा जण. आठवड्यात तीन दिवस गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर, रविवारी सोमेश्वरवरून गंगापूर धरणाकडे लांब पल्ला, आणि चढाचा सराव म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या. ज्या दवाखान्यासाठी धावतो तो पंचवटीत, पेठ रोडच्या अंगाला, दोन खोल्यांचा. संध्याकाळी सहा ते नऊ आणि रविवारी सकाळी उघडा असतो. ही वेळ डॉक्टर मॅडमनी मुद्दाम ठेवली, कारण दिवसा दवाखान्यात बसलं की रोज बुडतो. येणारे लोक म्हणजे नाक्यावर कामासाठी उभे राहणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका, आणि ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षबागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून उतरणारी कुटुंबं.

सरकारी उपचार मोफत असताना असा दवाखाना कशाला, हे तुम्हाला देणगीदार हमखास विचारतील. खरं तेच सांगा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले योजना आहे, आणि आमचा दवाखानाही गंभीर पेशंट तिकडेच पाठवतो. पण बीपी, शुगरची गोळी रोजची असते, वर्षानुवर्षांची असते. त्यासाठी दर महिन्याला कामाचा एक दिवस मोडणं हातावर पोट असलेल्या माणसाला जमत नाही. लहान दवाखाना ती एवढीच फट बुजवतो, पण ती फट फार मोठी आहे.

आता आमच्या चुका. पहिल्या वर्षी आम्ही पाच आणि दहा किलोमीटरची दौड भरवली. चार महिने चौदा माणसं राबली. पोलिसांची परवानगी, महापालिकेची परवानगी, अँब्युलन्स, मंडप, साउंड, पाणी, केळी, मेडल, टी-शर्ट. जमा झाले १ लाख ६३ हजार, खर्च १ लाख १८ हजार. दवाखान्याला पोचले ४५ हजार. धावायला आलेल्या चारशे लोकांपैकी बहुतेकांना दवाखाना कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी फी भरली, मेडल घेतलं आणि ते घरी गेले. त्यांचं काहीच चुकलं नाही, आम्ही त्यांना दवाखाना दाखवलाच नव्हता. त्यात आता सिंहस्थाची कामं चालू आहेत. रस्ता मागताना तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त खेटे घालावे लागतील.

दुसऱ्या वर्षी आम्ही हुशारी केली असं आम्हाला वाटलं. दौड न भरवता एका कंपनीकडून दीड लाखाचा चेक मिळवला. फोटो झाले, शाली झाल्या. दवाखान्याने त्यातून ईसीजी मशीन घेतलं, रक्त तपासणीचं थकलेलं बिल भागवलं, उरलेल्यातून गोळ्या भरल्या. हा जानेवारी होता.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मी संध्याकाळी तिथं गेलो. बाहेर झड लागली होती. गोळ्यांच्या टेबलावर बसणाऱ्या ताई कात्रीने स्ट्रिपा कापत होत्या. एरवी ज्यांना महिन्याच्या तीस गोळ्या मिळतात त्यांना त्या दिवशी दहा-दहा दिल्या जात होत्या, कारण माल संपत आला होता. गोळ्या कागदी पाकिटात घालून देतात, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर पेनाने सूर्य काढला की सकाळची, चंद्र काढला की रात्रीची. एका आजींनी पाकीट तळहातावर उपडं केलं, गोळ्या मोजल्या आणि विचारलं, “बाकीच्या?” ताई म्हणाल्या, “आजी, पुढच्या गुरुवारी या.” आजी आडगावच्या पलीकडून येतात, रिक्षाला पैसे पडतात. त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, “मग एक दिवसाआड घेते, म्हणजे पुरतील.”

आतून डॉक्टर मॅडम उठून बाहेर आल्या. आजींच्या शेजारी बाकावर बसल्या आणि समजावत राहिल्या, की बीपी दुखत नाही, म्हणून गोळी नाही घेतली तरी काही होत नाही असं वाटतं, आणि मग एक दिवस अचानक हातपाय लुळे पडतात. आजी मान डोलवत होत्या. पण त्यांच्या हातात गोळ्या दहाच होत्या, तिथं समजावून काय होणार? मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्यासमोरच्या भिंतीवर आमच्या चेकचा फोटो लावलेला होता.

त्या दिवसापासून आमचा हिशेब बदलला. दवाखान्याला वर्षातून एकदा येणारी मोठी रक्कम उपयोगी पडतेच, यंत्र घ्यायला, रंगरंगोटीला, फ्रीजला. पण गोळी दर महिन्याला संपते. गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्याला दर महिन्याला बिल चुकतं करावं लागतं. तुम्ही जेव्हा दवाखान्यात जाल तेव्हा ‘किती पैसे हवेत’ असं विचारू नका. ‘एका पेशंटच्या महिन्याला किती लागतात आणि कुठल्या महिन्यात कमी पडतात’ हे विचारा. आमच्याकडे जेनेरिक गोळ्या आणि साखरेची तपासणी धरून एका बीपी-शुगरच्या पेशंटला महिन्याला साधारण दोनशे रुपये लागतात. हा एक आकडा हाती आल्यावर मागणं एकदम सोपं झालं.

मागण्याबद्दल. माझ्या लहानपणी नवरात्रात आमच्या मंडळाची पोरं वणीच्या गडावरून ज्योत आणायची. सप्तशृंगीच्या पायथ्यापासून आळीपाळीने ज्योत हातात घेऊन अनवाणी, रात्रभर, नाशिकपर्यंत. त्याआधी आम्ही घरोघरी वर्गणीला जायचो आणि दसऱ्यानंतर सगळा हिशेब मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असायचा, अगदी सुतळीच्या बंडलापर्यंत. तेव्हा धावून काही उभं करणं आणि त्यासाठी लोकांच्या दारात जाणं हे आपल्याकडे नवं नाहीच. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरला रौप्यपदक आणल्यापासून आमच्या दवाखान्यात येणाऱ्या आदिवासी भागातल्या माणसांनाही ‘हे लोक कशाला धावतात’ हे समजावून सांगावं लागत नाही. उलट ते विचारतात, किती नंबर आला?

आम्ही वर्गणीचीच पद्धत उचलली. प्रत्येकाने वीस माणसं गाठायची, ती पण फक्त प्रत्यक्ष ओळखीची. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला लोक अंगठे दाखवतात, पैसे देत नाहीत. समोर बसून, चहा घेताना मागितलं तर बहुतेक जण देतात. “मी जानेवारीत मुंबईला ४२ किलोमीटर धावणार आहे. तू एका पेशंटचं औषध वर्षभर घे, महिन्याला दोनशे,” एवढंच वाक्य. मोठी रक्कम मागायचा मोह टाळा. १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स हा कर्करोगाने एक पाय गेलेला तरुण कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, तेव्हा त्याचीही मागणी देशातल्या माणशी एक डॉलर एवढीच होती. रक्कम लहान असली की नाही म्हणायला कारण उरत नाही, आणि पुढच्या महिन्यात ती जडही जात नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पैसे किलोमीटरवर बांधू नका. ‘जितके किलोमीटर तितके शंभर’ हे ऐकायला छान वाटतं. आमच्यातल्या एकाने तसं ठरवलं होतं. तिसाव्या किलोमीटरला त्याचा गुडघा गेला, तरी पेशंटचे पैसे कमी होतील म्हणून तो लंगडत शेवटपर्यंत गेला आणि नंतर आठ महिने धावू शकला नाही. थांबायची वेळ आली तर माणसाला निर्धास्तपणे थांबता आलं पाहिजे. म्हणून पैसे धावण्याआधी ठरवा, आधीच सुरू करा, आणि स्पर्धा पूर्ण झाली नाही तरी ते चालू राहतील हे देणाऱ्याला सांगून ठेवा. ग्रुपमध्ये चाळिशीपुढचे कोणी पहिल्यांदाच लांब पल्ल्याला उतरणार असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि पूर्ण मॅरेथॉनला चार महिन्यांचा सराव तरी हवाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. पैसे तुमच्या कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका, एक दिवससुद्धा नाही. दवाखाना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाचा आहे ना, त्याला ८०जी, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी, आहे ना, हे आधी बघा. दोन हजारांच्या वरची रोख देणगी ८०जीत धरत नाहीत, म्हणून बँकेतूनच घ्या, आणि पावतीसाठी पॅन व पत्ता घेऊन ठेवा. ज्यांनी नवीन करप्रणाली निवडली आहे त्यांना या देणगीवर सूट मिळत नाही, तेही आधीच सांगा, नंतर मनं दुखावतात. आणि नाशिकमध्ये घरटी कोणी ना कोणी परदेशात असतं म्हणून सांगतो. भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि तिला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. बहुतेक लहान दवाखान्यांकडे ती नसते. अशा वेळी प्रेमाने नाही म्हणा.

कुठं धावायचं म्हणाल तर मुंबई मॅरेथॉन चांगली, कारण तिची देणग्यांची बाजू व्यवस्थित लावलेली आहे. युनायटेड वे मुंबई ही संस्था ती सांभाळते आणि संस्थांना तिथं नोंदणी करता येते. आम्ही शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने जातो, रविवारी धावून संध्याकाळी परत. पण ती जमली नाही तर नाशिकमधली कुठलीही स्पर्धा चालेल. देणारा तुम्हाला बघून देतो, स्पर्धेचं नाव बघून देत नाही.

आता किती जमतील. दहा जणांनी वीस-वीस माणसांकडून दोनशे म्हटलं तर कागदावर महिन्याला ४० हजार होतात. तेवढे येणार नाहीत. आमच्या अनुभवाने पहिल्या वर्षी निम्म्याच्या थोडे वर धरा. वीस हजार जरी दर महिन्याला आले तरी शंभर माणसांच्या गोळ्या वर्षभर कापाव्या लागत नाहीत. आमच्या दौडीने चार महिने राबून जे दिलं, ते असं सव्वादोन महिन्यांत जमतं.

गळती कधी होते तेही सांगून ठेवतो. जूनमध्ये, शाळेच्या फिया आणि वह्या-पुस्तकांमुळे, आणि दुसऱ्यांदा दिवाळीनंतर. म्हणून आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी धावून झालं की देणगीदारांना सोमेश्वरला चहाला बोलावतो आणि वर्षाचा हिशेब छापून हातात देतो. किती पेशंट, किती गोळ्या, कुठल्या दुकानाचं बिल, सगळं. दोन-तीन जणांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेऊन आणतो. गेल्या वर्षी असाच नेलेला एक मित्र पाकिटावरचा सूर्य-चंद्र बघत राहिला आणि परत येताना म्हणाला, ही पाकिटं मी बनवून देतो. तो प्रेसवाला आहे. आता सूर्य-चंद्र छापलेली पाकिटं येतात आणि ताईंना पेनाने काढावे लागत नाहीत.

तुम्ही पैसे मागायला सुरुवात करण्याआधी तुमच्या दवाखान्यात एक पूर्ण संध्याकाळ गोळ्यांच्या टेबलाशेजारी बसा. ग्रुपमधल्या प्रत्येकाने बसा. ते न करता कोणाकडे मागायला जाऊ नका.