12 लाख घेऊन नोकरी सोडू का?

ताई, आधी हे सांगतो, की त्या कागदावर आत्ता सही करू नका. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये मिस्टरांचे दोन्ही पाय लुळे पडले, वय 44, हॉस्पिटल म्हणतंय 12 लाख घ्या आणि विषय संपवा, आणि तुमचा प्लॅन असा की ते एफडीत टाकायचे, 28 हजारांची नोकरी सोडायची आणि घरी राहून त्यांचं सगळं करायचं. 7 टक्क्यांनी 12 लाखांचे महिन्याला येतात 7 हजार. एजन्सीने अटेंडंटचे सांगितलेत 18 हजार, तेही फक्त दिवसाचे. म्हणजे कूस बदलणं, कॅथेटर, रात्री दर दोन तासांनी उठणं हे सगळं तुमच्याकडून फुकटात धरलंय, आणि खरं सांगू का, तुम्हीही ते फुकटच धरलंय.

18 हजार गुणिले 12 म्हणजे वर्षाला 2 लाख 16 हजार. अटेंडंटचे रेट वाढत जाणार आणि एफडीचं व्याज त्यातच जाणार, म्हणून सरळ गुणाकार करा, 20 वर्षांचे 43 लाख होतात, यात फिजिओ नाही, डायपर नाही, त्यांचा बुडालेला पगार तर नाहीच. कोर्टही हे धरतं हो. हैदराबादच्या निम्स या हॉस्पिटलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये 1 कोटी दिले, त्यात नर्सिंगचे महिना 4 हजार 30 वर्षांसाठी, म्हणजे 14 लाख 40 हजार वेगळे धरले होते.

पण तिथे हलगर्जीपणा सिद्ध झाला होता, तो तुम्हालाही करावा लागेल, आणि केस वर्षानुवर्षं चालू शकते, म्हणून समोरून 30 लाखांच्या आसपास आले तर मी घ्या म्हणेन. 12 लाखांना नाही. घटनेला 14 महिने झालेत, ग्राहक आयोगात जायला मुदत 2 वर्षांची, आणि हॉस्पिटलशी बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही, त्यामुळे तक्रारीची तयारी आत्ताच सुरू करा. केसपेपर लेखी मागा, 72 तासांत द्यायचे असा नियम आहे. तुमचं बिल 4 लाख 60 हजारांचं, म्हणजे तक्रार जिल्हा आयोगातच जाईल आणि तिची फी शून्य. एजन्सीचं कोटेशन लेटरहेडवर घ्या, आणि साधी शंभर पानी वही करून कोणी काय केलं, किती वाजता, ते रोज लिहा, सासूबाईंनी केलेलंसुद्धा.

नोकरी सोडू नका. अटेंडंटचे देऊन हातात 10च हजार उरतात हे खरंय, पण तुमची ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, 8 वर्षं झालीत, 10 झाली की पेन्शनचा हक्क लागतो, आणि ऑफिसचा मेडिक्लेम आज मिस्टरांना नव्याने कोण देणार? आधी अर्धा दिवस किंवा बिनपगारी रजा मागून बघा. वकील निकालातले टक्के मागत असेल तर दुसरा बघा, वकिलांना तशी फी घ्यायला परवानगी नाही.