वाचकांचे प्रश्न : जोडले गेले, की नुसतेच शेजारी राहिले?

प्रश्न : दोन कृत्रिम गुणसूत्रे (परका डीएनए वाहण्यासाठी बनवलेली) एकाच यीस्टमध्ये आणली, तर त्यांच्यात जनुकीय पुनःसंयोजन, म्हणजे तुकड्यांची अदलाबदल, होऊ शकते, असे शिकवले गेले. ते खरोखर झाले, हे ओळखायचे कसे? निवडक माध्यमावर (ज्यावर ठरावीक जनुक असलेल्या पेशीच वाढतात) वसाहत वाढली, एवढे पुरेसे नाही का? – एमएस्सीची विद्यार्थिनी

उत्तर : नाही. १९८७पासून रूढ झालेल्या वाहकांत (ज्यांत परका तुकडा जोडून कृत्रिम गुणसूत्र बनते) तुकड्याच्या एका बाजूच्या भुजेवर ट्रिप्टोफॅन बनवण्याचे आणि दुसरीवर युरासिल बनवण्याचे जनुक असते. म्हणजे भुजांची ही खूण दोन्ही गुणसूत्रांवर सारखीच असते आणि अदलाबदलीनंतरही तशीच राहते.

समजा, मानवी डीएनए वाहणारे एक गुणसूत्र ३०० किलोबेसचे (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरे) आहे, दुसरे ४००चे, आणि पहिल्याच्या उजव्या व दुसऱ्याच्या डाव्या टोकाचा १०० किलोबेसचा भाग दोन्हींत त्याच दिशेने सामाईक आहे. संकरानंतरच्या अर्धगुणसूत्री विभाजनात (ज्यातून निम्म्या गुणसूत्रांचे चार बीजाणू बनतात) त्या भागात एकदाच अदलाबदल झाली, तर एका पिशवीतल्या चार बीजाणूंपैकी दोघांत मूळची ३०० आणि ४००ची गुणसूत्रे जातात, तिसऱ्यात ६००चे आणि चौथ्यात अवघे १००चे. माध्यमावर मात्र चारही सारखेच वाढतात!

म्हणून लांबीच मोजावी लागते. लांब डीएनए पिपेटमध्ये ओढतानाही तुटतो; त्यामुळे पेशी अगारोजच्या छोट्या वडीत बसवून तिथेच फोडतात आणि ती वडी पल्स्ड-फील्ड जेलच्या (दिशा बदलत्या विद्युतक्षेत्राने लांब डीएनए लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या) खाचेत ठेवतात; छोटा डीएनए खाली जास्त सरकतो. १००चा पट्टा यीस्टच्या सर्व गुणसूत्रांच्या खाली एकटा दिसतो. ६००चा मात्र फसवा, कारण यीस्टची पाचवे आणि आठवे ही गुणसूत्रेही जवळपास त्याच उंचीवर असतात. तेव्हा जेलवरचा डीएनए पटलावर उतरवून पहिल्या तुकड्याच्या डाव्या आणि दुसऱ्याच्या उजव्या टोकाचे शोधक (त्या टोकाशी जुळून चिकटणारे, खूण लावलेले डीएनएचे तुकडे) लावावेत. दोन्ही एकाच पट्ट्यावर उमटले, तर पुनःसंयोजन झाले. वेगवेगळ्या पट्ट्यांवर उमटले, तर दोन्ही गुणसूत्रे एकाच पेशीत फक्त शेजारी आहेत. ही दुसरी शक्यता तपासायला अनेकजण विसरतात, म्हणून ती आवर्जून सांगतो.

ही खटपट निरर्थक नाही. बीसीएल-२ हे मानवी जनुक एका तुकड्यात मावत नव्हते. १९९०मध्ये याच मार्गाने ते संपूर्ण एका कृत्रिम गुणसूत्रात आणले गेले. तरीही लांबी जुळली म्हणजे आतला क्रम शाबूत आहेच, असे धरू नये. आतला छोटा तुकडा गळालेला असेल, तर तो या जेलवर कळत नाही, म्हणून निर्बंधक विकरांनी (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या) कापून मूळ तुकड्यांशी ताडून पाहावे.