‘मीच’मधला ‘च’

“मॅडम, आजारपण मागे लागलंय. पैसेही माझे मलाच उभे करायचेत. एम.एस्सी. झेपेल का?” साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वरचेवर येतो. कुणाला टाइप वन मधुमेह असतो, कुणाला फिट्स, कुणाला संधिवात. म्हणून एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पुसून सांगते.

ती कोरेगावकडची, २६ वर्षांची. आमवात २२व्या वर्षी निघाला. तीन वर्षं लॅबमध्ये नोकरी करून फी साठवली आणि प्रवेश घेतला. संध्याकाळी आणि रविवारी शिकवण्या. पहिल्या भेटीत तिने हिशेबाची वही पुढे ठेवली. पान उलटताना बोटं नीट मिटत नव्हती, तळहाताच्या कडेने तिने ते सरकवलं. फी, खोली, मेस, एस.टी.चा पास, झेरॉक्स. सगळ्यात खाली, पेन्सिलने: ‘औषधं, उरले तर’.

“या महिन्यात उरले?”

“नाही.” मग हळूच, “गेल्याही नाही.”

आमवातावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी ती शनिवारी रात्री घ्यायची. रविवारी मळमळ, थकवा. शिकवणीचा मोठा दिवस बुडायचा, म्हणून गोळीच सोडली. रक्ततपासणीही टळली. सांधे पुन्हा सुजले आणि सकाळचे दोन तास बोटं शेकण्यात जाऊ लागले. म्हणजे पैसा वाचवायला गेली आणि अभ्यासाचे तास गमावून बसली.

भाऊ भोसरीला कामाला. औषधांचं मी बघतो, असं तो दोनदा म्हणाला होता. तिने नाही म्हटलं.

“का गं?”

“कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यातली आहे मी. स्वावलंबी शिक्षण. माझं शिक्षण मीच करणार.”

मी वेदना, वेळापत्रक सगळं बाजूला ठेवलं. माणूस परिस्थितीने जितका थकतो, त्याहून जास्त स्वतःवर लादलेल्या ‘पाहिजेच’ने थकतो, असं माझं अनेक वर्षांच्या कामातून बनलेलं ठाम मत आहे.

“‘मी करणार’ आणि ‘मीच करणार’ यात फरक काय?”

ती गप्प. मग म्हणाली, “‘च’ काढला तर मी कमी पडल्यासारखं वाटतं.”

“कमवा आणि शिका म्हणत त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची मुलं राबली, खरंच. पण त्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ते जेवलेली मुलं स्वावलंबी नव्हती?”

तिने वही मिटली, पुन्हा उघडली. डोळ्यांतलं पाणी पानावर पडलं ते तिने पुसलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “दादाला फोन करायला मला लाज नाही वाटत, मॅडम. भीती वाटते. आजारी बहीण म्हणून तो माझ्याकडे बघेल.” इतक्या बोलण्यात ‘भीती’ हा शब्द पहिल्यांदा आला होता. मी त्याचीच वाट बघत होते.

तिला जे सांगितलं तेच इतरांनाही सांगते. औषधं आणि तपासण्या फीच्या वर लिहा, पेनाने. गोळीचा त्रास होत असेल तर ती आपल्या मनाने सोडू नका. वार बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. हजेरी कमी पडण्याआधीच विभागप्रमुखांना वैद्यकीय दाखला द्या, नंतर धावाधाव होते. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, हप्तेही साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या २१ प्रकारांत आमवात नावाने नाही. मात्र सांध्यांना कायमचं नुकसान झालं असेल तर चलनवलनाच्या दिव्यांगत्वाची तपासणी करून घ्या. ते ४० टक्के किंवा जास्त ठरलं, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. आणि शरीर साथच देत नसेल तर मुक्त विद्यापीठाचा रस्ता कमीपणाचा मानू नका.

भावाला फोन तिने माझ्यासमोर नाही, एस.टी. स्टँडवरून केला. डॉक्टरांना विचारून गोळी बुधवारी रात्रीवर आणली. गुरुवारी तिची कॉलेजमध्ये दोनच लेक्चर्स असतात.

परवा वही पुन्हा दाखवली. पहिल्या ओळीत, निळ्या शाईत: ‘औषधं, दादा’. पुढे रक्ततपासणीची तारीख होती.