‘ये जो है जिंदगी’ लिहिणारे शरद जोशी म्हणजे शेतकरी संघटनेचेच का?

नाही, ही दोन वेगळी माणसं. दूरदर्शनवर १९८४ला आलेली ‘ये जो है जिंदगी’ लिहिली उज्जैनमध्ये जन्मलेल्या हिंदी व्यंग्यकार शरद जोशींनी (१९३१–१९९१). शेतकरी संघटनेचे शरद जोशी साताऱ्याचे. ते २०१५मध्ये गेले. इंटरनेटवर फोटो हमखास अदलाबदल होतात, त्यामुळे मृत्यूचं साल आधी बघावं. व्यंग्यकार जोशींचा पिंड वर्तमानपत्री स्तंभाचा. ‘नवभारत टाइम्स’मधलं त्यांचं ‘प्रतिदिन’ खूप वाचलं जायचं. सिनेमात ‘छोटी सी बात’ (संवाद) आणि ‘उत्सव’. १९९०ला पद्मश्री. मालिकेची रचना मात्र खास टीव्हीची होती: घर आणि त्यातली माणसं (शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी) कायम, आणि सतीश शाह दर भागात नव्या भूमिकेत. त्यामुळे पात्रांची ओळख पुन्हा करून द्यावी लागत नाही, गोंधळ मात्र दर वेळी ताजा मिळतो. पुढच्या कितीतरी मालिकांना हे जमलं नाही!

एक खुलासा: २००९ची ‘लापतागंज’ ही मालिका व्यंग्यकार जोशींच्या कथांवरून प्रेरित आहे, पण ती त्यांच्या पश्चात आली. तिचे भाग त्यांनी लिहिलेले नाहीत.