आई गेल्यावर लहान भावंडांसाठी कॉलेज सोडावं का?

आई जाऊन दोन महिने झाले, वडील दिवसभर कामावर, तू 17 वर्षांचा आणि बारावीत. कॉलेज सोडून काम धरू का, असं तू विचारलंयस. शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस, की काका धाकट्या बहिणीला त्यांच्याकडे न्यायला तयार आहेत. मी त्या ओळीसाठी लिहितेय. बहिणीला पाठवू नकोस.

आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडकडचे. वडील टॉवेल विणायच्या मागावर कामाला, आई घरी बिड्या वळायची. ती सिव्हिल हॉस्पिटलात वारली तेव्हा मी दहावीत होते, भाऊ पाचवीत, धाकटी बालवाडीत. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं, आणि भिवंडीची आत्या सगळं ठरवूनच आली होती. धाकटी तिच्याकडे जाणार, भाऊ मंगळवेढ्याला मामाकडे, आणि मी शाळा सोडून आईचं सूप मांडीवर घ्यायचं. "रोज हजार बिड्या वळल्या की घर चालतंय, दादाला दोन वेळची भाकरी मिळतीय." सगळे माना डोलावत होते. वडील भिंतीला टेकून गप्प. मी चुलीपुढून उठून बाहेर आले आणि म्हणाले, कुणी कुठं जाणार नाही. आत्या म्हणाली, मोठ्यांच्यात बोलू नये. मी म्हणाले, उद्यापासून यांचं सगळं मलाच करायचंय, मग बोलणार पण मीच. त्या बोलण्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढचं सोपं नव्हतं. वडिलांची पाळी बारा तासांची, कधी दिवसाची कधी रात्रीची. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तेही कधीकधी मध्यरात्री. भाऊ पाइप धरायचा, मी बॅरल भरायचे, धाकटी तांब्या घेऊन मध्ये मध्ये. शेजारच्या तेलुगू मावशी सकाळी तिची वेणी घालून द्यायच्या. शाळेतून आलं की मी टॉवेलच्या कडा शिवायचे, डझनावर पैसे मिळायचे. भाकरी थापायला वेळ नसला की कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. रात्री अंथरुणात भाऊ धाकटीला आईचं सांगत बसायचा: आई बिडीचं पान कसं कापायची, गड्ड्याच्या यात्रेत तिला पाळण्याची कशी भीती वाटली. धाकटीला आईचा चेहरा नीट आठवत नाही. तिच्याजवळ आई जेवढी आहे तेवढी भावाने दिलेली आहे. भिवंडीला गेली असती तर तिला हे कोण सांगणार होतं?

आता कॉलेजचं. सोडू नकोस. रोज जाणं जमत नसेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. मी बारावी तशीच दिली, पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं आणि आता एका युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते. काम करायचंच तर अर्धा दिवस कर. आणि तू मुलगा असलास तरी भाकरी करायला शीक, बहीण मोठी होईल आणि करेल अशी वाट बघू नकोस. माझ्या भावाला पाचवीत भात लावता येत होता.

पैशाचं काय, हे घरात कुणी सांगणार नाही. एक पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. एका मुलामागे महिना 2250 रुपये, 18 वर्षांपर्यंत. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज मिळतो. आईचा पीएफ कापला जात असेल तर 1995 च्या पेन्शन योजनेत वडिलांना पेन्शन बसते, शिवाय एका वेळी दोन मुलांना 25 वर्षांपर्यंत वेगळी. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती आत्ताच काढून ठेव आणि आईचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का बघ. आमच्या आईच्या बिडीच्या कार्डावर माहेरचं नाव होतं, रेशन कार्डावर सासरचं. तेवढ्यावर कारखान्याच्या कारकुनाने वडिलांना कितीतरी वेळा परत पाठवलं, आणि प्रत्येक वेळी त्यांची एक पाळी बुडाली.

हे मी लिहितेय ते माझे वडील पगार घरी आणून देत होते म्हणून. तुझे वडील पीत असतील, मारत असतील, तर माझं ऐकू नकोस; बहिणीला सुरक्षित जागी पाठव आणि मुलांच्या मदतीच्या 1098 नंबरला फोन कर. आणि वडीलही नसते तर गोष्ट वेगळी होती. 18 च्या आतल्या मुलाला कायद्याने भावंडांचं पालक होता येत नाही, तिथे बाल कल्याण समितीकडेच जावं लागतं.

आत्या अजून लग्नकार्यात चारचौघांत म्हणते, मी नेलं असतं तर पोरगी इंग्लिश मीडियमला शिकली असती. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठी शाळेतून. आणि आत्याला तिचं शिक्षण करायचंच होतं तर फीचे पैसे सोलापूरला पाठवता आले असते. तेराव्यानंतर तिने एक रुपया पाठवला नाही. तुझे काका तसे नसतीलही. त्यांना सरळ विचार, बहीण इथेच राहिली तर तिच्या फीचे तेवढे पैसे दर महिन्याला द्याल का? ते काय म्हणतात ते इथे खाली लिही, मग पुढचं सांगते.