सुकाणू खडखडतंय

प्रश्न: माझ्या छोट्या शिडाच्या होडीचं सुकाणू खूप खडखडतं, ते ज्यांवर फिरतं त्या पिना झिजल्यात, पिना ज्यांत बसतात त्या कड्यांची भोकंही लांबट झालीयेत. नुसत्या पिना बदलल्या तर चालेल का?

उत्तर: नको, पिन आणि कडं जोडीनंच बदला, लांबट भोकात नवी पिनपण हलणारच. खाऱ्या पाण्यासाठी 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. खरी मेहनत कडी होडीला बसवणाऱ्या स्क्रूच्या भोकांची, ती सैल असतील तर नुसता जाडा स्क्रू ठोकू नका प्लीज, पाणी शिरून आतलं लाकूड कुजतं, त्यापेक्षा भोक नीट सुकवून इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) भरा, कडक झालं की परत ड्रिल करा आणि सीलंट लावून बोल्ट आवळा. पण त्याआधी दोन्ही कड्यांतून एक सरळ सळई घालून बघा, ती अडकली तर सुकाणू जड फिरणार.