वाचकांचे प्रश्न : राजीनामा दिल्यावर बेकारीचे पैसे मिळतात का?

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका चटईच्या कारखान्यात मी साडेतीन वर्षे कामाला होतो. पगार महिना 14,600 रुपये होता आणि त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापले जात असे. मागणी घटल्याने काही जणांना कमी करायचे ठरले. "राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच मिळेल," असे सांगण्यात आले आणि मी तसे लिहून दिले. ईएसआयमधून बेकारीच्या काळात पैसे मिळतात असे आता कळले. मला ते मिळतील का?
— एक कामगार, जळगाव

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, परंतु आपल्या राजीनाम्यामुळे अडचण निर्माण झाली आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना लागू केली. या योजनेत काम गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या मजुरीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच, मिळते. सरासरी काढताना मागील दोन वर्षांच्या एकूण मजुरीला 730 ने भागतात. दोन्ही वर्षे आपला पगार तेवढाच होता असे धरले, तर एकूण मजुरी 3,50,400 रुपये, रोजची सरासरी 480 रुपये आणि तिच्या निम्मे 240 रुपये, म्हणजे 90 दिवसांचे 21,600 रुपये होतात.

यासाठी किमान दोन वर्षांची विमा-पात्र नोकरी लागते. शिवाय काम सुटण्याच्या लगतच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढ्याच दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. या सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा धरल्या जातात. आपण ठेकेदारामार्फत कामाला असाल तर हे दिवस स्वतः तपासून घ्या, कारण पगारातून कपात झाली म्हणजे वर्गणी जमा झालीच, असे गृहीत धरता येत नाही.

खरा प्रश्न नोकरी सुटण्याच्या कारणाचा आहे. स्वेच्छेने नोकरी सोडणारे, निवृत्त झालेले आणि गैरवर्तनाबद्दल काढून टाकलेले कामगार या योजनेत बसत नाहीत. वर्गणीच्या मासिक विवरणात मालकाला कामगार कमी झाल्याचे कारण नोंदवावे लागते, आणि त्यात "नोकरी सोडली" व "कामगार कपात" या वेगवेगळ्या नोंदी आहेत. हातात राजीनामा असताना मालक कोणती नोंद करील, हे सांगायला नको. एका सहीने मालकाचा दुहेरी लाभ झाला, कारण कामगार कपात दाखवली असती तर एक वर्षाहून अधिक सलग सेवा असलेल्या आपल्याला महिन्याची नोटीस अथवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई द्यावी लागली असती.

तरीही वाट पूर्ण बंद झालेली नाही. त्याच सुमारास आणखी काही जणांकडून एकाच मजकुराचे राजीनामे घेतले असतील, तर राजीनामा स्वेच्छेचा नसल्याचा तो चांगला पुरावा ठरतो. त्या सर्वांनी एकत्रितपणे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. विम्याचा अर्ज महामंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या विमा क्रमांकाने भरता येतो आणि काम सुटल्यापासून 30 दिवसांनी दावा देय होतो. आधार आणि बँक खाते आधीच जोडून ठेवावे. अर्जात मात्र घडले तेच लिहावे. खोटी माहिती दिल्यास दंडाची कारवाई होऊ शकते. योजनेला मुदत असते व ती वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आपल्या शाखा कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्यावी.

कारखानाच कायमचा बंद पडला असता किंवा आपली रीतसर कामगार कपात झाली असती, तर 1 एप्रिल 2005 पासूनची ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना अधिक लाभाची ठरली असती, पण राजीनामा स्वेच्छेचा धरला गेला तर तीही लागू होत नाही.

प्रश्न : माझ्या पदवीधर मुलाने धुळ्यातील 25,000 रुपयांची खासगी नोकरी सोडली. राज्य सरकार बेरोजगारांना दरमहा 5,000 रुपये देते, असा संदेश मोबाइलवर आला असून अर्जासाठी 300 रुपये मागितले आहेत. भरावेत का?
— एक पालक, शिरपूर

उत्तर : भरू नयेत. नोकरी सोडलेल्या प्रत्येकाला दरमहा रक्कम देणारी अशी योजना महाराष्ट्रात नाही. मुलाचा पगार ईएसआयच्या 21,000 रुपयांच्या मर्यादेपेक्षा अधिक होता, त्यामुळे त्या पगारावर ईएसआयची वर सांगितलेली योजनाही त्याला सहसा लागू होत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35 वयाच्या पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले, पण तो बेकारी भत्ता नव्हे, प्रशिक्षणाच्या कामाचा मोबदला आहे. मुलाने महास्वयं या शासकीय संकेतस्थळावर स्वतः नोंदणी करून जिल्ह्याच्या रोजगार कार्यालयात चौकशी करावी, आणि त्या संदेशातील दुव्यावर आधार वा बँकेचा तपशील मुळीच देऊ नये.